पडद्यामागचं पाणी
(मिशनच्या कार्यकर्ता मेळाव्यात शहापूर येथे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मोतीबिंदूवर बोलायला सांगितलं असतं, तर माझं काम सोपं होतं. ते काम तुम्हाला पाठ आहे. पाड्यावर जायचं, टॉर्चने डोळे बघायचे, यादी करायची, गाडी भरायची. ऑपरेशन होतं, काळा चष्मा मिळतो, माणूस घरी येतो आणि नातवाचं तोंड बघतो. वार्तापत्रात फोटो छापला जातो, देणगीदारांना आकडा कळतो. यात चेष्टेचा भाग नाही. 2015 ते 2019 या काळात देशात अंधत्वाची राष्ट्रीय पाहणी झाली. पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वात जवळजवळ दोन तृतीयांश वाटा मोतीबिंदूचा निघाला. तेव्हा तुमचा जोर योग्य जागीच आहे.

आज ज्या आजाराबद्दल बोलणार आहे, त्यात मात्र असा एका दिवसाचा शेवट नाही. तो बरा झाल्यासारखा वाटतो आणि परत येतो. परत आल्याचं रुग्णाला लवकर कळत नाही, ते आधी स्कॅनमध्ये दिसतं. माझं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

डोळ्याच्या आत, अगदी मागे, एक पडदा असतो. कॅमेऱ्यात पूर्वी फिल्म असायची, तसा. त्या पडद्याच्या मधोमध साधारण साडेपाच मिलिमीटरचा एक भाग आहे, त्याला मॅक्युला म्हणतात. सुईत दोरा ओवणं, तांदळातले खडे वेचणं, शंभराची आणि पाचशेची नोट वेगळी ओळखणं, समोरचा माणूस कोण ते चेहऱ्यावरून सांगणं, ही सगळी कामं तेवढ्याशा जागेची. चालणं, जिना उतरणं, बाजूने येणारं गुरू दिसणं, हे उरलेल्या पडद्याचं काम. वय झालं की काही जणांचा मॅक्युला झिजतो. त्या आजाराला डॉक्टर लोक एएमडी म्हणतात.

म्हणून घरच्यांना हा आजार खोटा वाटतो. म्हातारी ओढ्यावर जाते, चूल पेटवते, अंगणात नीट फिरते, आणि म्हणते दिसत नाही. सून म्हणते, "दिसत नाय म्हणते आन् कोंबडी बरोबर धरते." दोघी खरं बोलतात. कोंबडी कडेच्या नजरेने दिसते. सुनेचा चेहरा मधल्या नजरेने दिसतो, तो गेलेला असतो.

आजाराचे दोन प्रकार आहेत, सुका आणि ओला. सुका हळूहळू, वर्षानुवर्षं चालतो. बहुतेक रुग्ण सुक्याचे असतात. ओला प्रकार थोड्यांना होतो, पण नजर जास्त तोच घालवतो, आणि तेही काही आठवड्यांत. पडद्याखाली नको त्या ठिकाणी नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात, झिरपतात. पडद्याच्या आत किंवा खाली पाणी साचतं, कधी रक्त साचतं. पडदा फुगला की सरळ रेघ वाकडी दिसते. दाराची चौकट मध्येच मोडल्यासारखी, विजेचा खांब पोटातून वाकल्यासारखा. पाणी बरेच दिवस तसंच राहिलं की तिथे वण पडतो, आणि वण पडलेल्या जागेची नजर कोणत्याही औषधाने परत येत नाही.

मोतीबिंदूच्या शिबिराशी याचा संबंध असा. एकाच डोळ्यात दोन्ही असू शकतात. वरची काच गढूळ आणि मागचा पडदा खराब. काच बदलली तरी मधलं दिसत नाही. मग पाड्यावर बातमी पसरते की ऑपरेशन फसलं, आणि पुढच्या शिबिराला चार घरं येत नाहीत. म्हणून ऑपरेशनच्या आधी मागचा पडदा जेवढा दिसेल तेवढा बघावा आणि शंका असेल तर घरच्यांना तेव्हाच सांगावं. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

आता औषध. ओल्या एएमडीवर वीस वर्षांपूर्वी फारसं काही नव्हतं. 2005-06 च्या सुमाराला डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आली. नव्या रक्तवाहिन्यांना वाढायला लावणारा एक पदार्थ शरीरात तयार होतो, त्याला हे औषध अडवतं. रॅनिबिझुमॅब या औषधाच्या मोठ्या चाचणीत, दर महिन्याला इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सुमारे 95 टक्के लोकांची नजर वर्षभर टिकली किंवा फार थोडी उतरली. औषध न मिळालेल्या गटात हेच प्रमाण 62 टक्के होतं. औषध महाग. पण त्याच्या जवळचं दुसरं एक, बेव्हॅसिझुमॅब, मूळचं आतड्याच्या कॅन्सरसाठी आलेलं. त्याचा अगदी लहान डोस डोळ्यात देता येतो आणि तो पुष्कळ स्वस्त पडतो. अमेरिकेच्या सरकारी मदतीने या दोघांची तुलना झाली. 2011 साली निकाल आला की नजर राखण्यात दोन्ही सारखीच. रॅनिबिझुमॅबची आपल्या देशात तयार झालेली आवृत्तीही 2015 मध्ये बाजारात आली. म्हणजे औषध गरिबाच्या आवाक्याच्या अगदीच बाहेर राहिलेलं नाही. आवाक्याबाहेर आहे ते परत परत येणं.

हे नीट समजण्यासाठी स्कॅन काय करतो ते सांगतो. त्याचं नाव ओसीटी. 1991 साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी ते तंत्र जगापुढे मांडलं. आपल्याकडचे रुग्ण त्याला डोळ्याची सोनोग्राफी म्हणतात, आणि ते बरंच बरोबर आहे. सोनोग्राफीत आवाजाच्या लाटा परत येतात, इथे प्रकाश परत येतो. हनुवटी टेकवायची, एका ठिपक्याकडे बघायचं, काही सेकंदांत काम झालं. डोळ्याला काही लागत नाही, सुई नाही, रंग टोचायचा नाही, आणि पुष्कळदा डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करायचीही गरज पडत नाही. पडदा मधोमध साधारण पाव मिलिमीटर जाड असतो. त्याचे थर या चित्रात भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटे दिसतात. पाणी जिथे असेल तिथे काळी पोकळी दिसते. साधा फोटो काढणारा फंडस कॅमेरा वेगळा. त्याच्यात पडद्याचा वरचा रंगीत देखावा मिळतो, रक्त दिसतं, पिवळे डाग दिसतात. थोडं पाणी मात्र त्यात निसटतं. रुग्ण शोधायला कॅमेरा चांगला, सापडलेल्या रुग्णावर पहारा ठेवायला ओसीटी हवा.

हे कौलारू घरात राहणाऱ्यांना लगेच पटतं. कौल सरकलं की पहिल्या पावसात घरात थेंब पडत नाही. आधी आतला वासा भिजतो. खाली बसलेल्याला काही कळत नाही. थेंब पडून ताटात आला, तोवर वासा कुजायला लागलेला असतो. ओसीटी हा वासा बघतो. मुरबाडकडच्या एका आजींनी मला विचारलं होतं, "डाक्तर, माझं काय दुखत नाय, दिसतंय पण बरं, मंग परत सुई कशाला?" त्यांना मी त्यांच्या स्कॅनचा कागद दाखवला आणि कौलाचं बोललो. त्या म्हणाल्या, "म्हंजे शाकारणी." त्यापेक्षा चांगला शब्द माझ्याजवळ नाही. शाकारणी आपण गळायची वाट बघत करत नाही.

त्यांना का कळलं नव्हतं? एक तर दुसरा डोळा चांगला होता. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं झाकून घेतो. दुसरं म्हणजे पाणी मधल्या बिंदूच्या जरा बाजूला साचलं असेल, तर तक्त्यावरची अक्षरं पहिल्यासारखीच वाचता येतात. तिसरं कारण आपल्या माणसांचं आहे. साठी उलटली की कमी दिसायचंच, असं आपण धरून चालतो.

इंजेक्शनं आली तेव्हा ती दर महिन्याला द्यायची असं ठरलं होतं. वर्षाला बारा. मग मायामीच्या डॉक्टरांनी 40 रुग्णांवर एक करून पाहिलं. ते काम 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. पहिली तीन इंजेक्शनं महिन्याच्या अंतराने सगळ्यांना. त्यानंतर दर महिन्याला ओसीटी, आणि पाणी परत दिसलं किंवा नजर उतरली तरच इंजेक्शन. वर्षाला सरासरी साडेपाचच्या आसपास इंजेक्शनं पुरली, आणि नजर दर महिन्याच्या इंजेक्शनाइतकी चांगली राहिली. हे ऐकून सगळे खूश होतात की निम्मी इंजेक्शनं वाचली. वाचली ती इंजेक्शनं. फेरी एकही वाचली नाही. ते रुग्ण स्कॅनला महिन्याच्या महिन्याला येत होते, म्हणून ते जमलं.

फेऱ्या सुटल्या की काय होतं, तेही तिथेच दिसलं. मोठ्या चाचण्यांमधून बाहेर पडलेल्या 65 रुग्णांना सुमारे सात वर्षांनी परत तपासलं. चाचणी चालू असताना त्यांना वेळेवर बोलावलं जात होतं. ती संपल्यावर येणं-जाणं आणि इंजेक्शनं कमी झाली. त्यांच्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त जणांची नजर आपल्या हिशेबाने 6/60 किंवा त्याहून खाली गेली होती, आणि बऱ्याच जणांच्या स्कॅनमध्ये अजून पाणी होतं. ही अमेरिकेतली माणसं, घरी मोटार असलेली. तिथे 2024 मध्ये घरी ठेवायच्या ओसीटी यंत्रालाही परवानगी मिळाली. म्हाताऱ्याने सकाळी चहाबरोबर स्वतःचा स्कॅन काढायचा. आपल्याकडे डोळखांबच्या पुढे मोबाइलला रेंज मिळवायला लोक टेकडीवर चढतात, तेव्हा ते राहू द्या.

आपल्याकडची फेरी कशी असते? शहापूरच्या पाड्यावरून आधी चालत किंवा जीपने रस्त्याला, मग आसनगाव, मग लोकल, मग ठाणे किंवा भायखळा. मुरबाडला रेल्वेच नाही. टोकावड्याकडून मुरबाड, तिथून एसटीने कल्याण, आणि पुढे गर्दीची लोकल. म्हातारं माणूस एकटं जाऊ शकत नाही, बरोबर कोणीतरी लागतं. म्हणजे दोन माणसांचं भाडं आणि सोबत जाणाऱ्याची रोजंदारी. आषाढात भाताची लावणी, तेव्हा कोणी निघत नाही. कापणीला तसंच. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. म्हातारी पाड्यावर नातवंडं सांभाळत राहते आणि तिला घेऊन जाणारा भट्टीवर. आजार मात्र त्याच्या हिशेबाने सहा-आठ आठवड्यांनी परत येतो. त्याला लावणी कळत नाही.

रुग्ण किती असतील, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. शहापूर-मुरबाडचा आकडा मी देत नाही. महाराष्ट्रातलं एक चांगलं काम सांगतो. नागपूरजवळच्या आठ खेड्यांत 2006 ते 2008 या काळात 30 वर्षांवरच्या 4711 लोकांचे डोळे तपासले गेले, पडद्याचे फोटोही घेतले गेले. सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी असं त्याचं नाव. त्यात तरुण माणसंही होती हे धरलं, तरी पुढच्या टप्प्याचा एएमडी शंभरात एकाहून कमी जणांना निघाला. तेव्हा आपल्याला गर्दी दिसणार नाही. एका पाड्यावर एक, पुढचे चार पाडे सोडून दुसरा. म्हणून शिबिराची पद्धत या आजाराला लागू पडत नाही. शिबिरात शंभर माणसं एकदा येतात. इथे थोडी माणसं, तीच, वर्षानुवर्षं आणायची आहेत. अहवालात ते काम लहान दिसतं. दिसू दे.

आता जो विषय गेल्या बैठकीत निघाला, त्यावर स्पष्ट बोलतो. एका दात्याची इच्छा आहे की मिशनने स्वतःचा ओसीटी घ्यावा. भावना मोठी आहे. माझं मत मात्र घेऊ नये असं आहे. यंत्र लाखांत जातं. त्याला स्थिर वीज, धुळीपासून जपलेली खोली, चालवणारा शिकलेला माणूस आणि दर वर्षी देखभालीचा करार लागतो. आणि समजा शहापुरात स्कॅन काढला, पाणी दिसलं. मग? इंजेक्शन निर्जंतुक खोलीत, पडद्याच्या डॉक्टरांनीच द्यायचं. म्हणजे रुग्णाला परत ठाण्याला जायचंच आहे. एका फेरीच्या दोन झाल्या. त्याच पैशात एक गाडी महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी कित्येक वर्षं धावेल, आणि एका कार्यकर्तीला पगार देता येईल, जिचं काम या रुग्णांची वही सांभाळणं एवढंच असेल. यंत्रावर नावाची पाटी लावता येते, गाडीच्या फेरीवर लावता येत नाही, ही अडचण मला ठाऊक आहे. दात्यांशी बोलायला मी स्वतः येईन.

फंडस कॅमेरा घ्यायचा असेल तर जरूर घ्या. मोबाइलला जोडून पडद्याचा फोटो घेणारे कॅमेरे बेंगळुरूत तयार होतात. मोतीबिंदूच्या तपासणीत मधुमेहाचे आणि एएमडीचे रुग्ण वेगळे काढायला तो उपयोगी पडेल. फोटो ठाण्याला पाठवता येतो.

उपचाराची आणखी एक पद्धत आहे, आणि आपल्या तालुक्यांना तीच बरी, असं माझं मत झालं आहे. पाणी आटलं की लगेच थांबायचं नाही. ठरलेल्या दिवशी स्कॅन आणि इंजेक्शन दोन्ही एकाच फेरीत करायचं, आणि स्कॅन कोरडा असेल तर पुढची तारीख दोन आठवड्यांनी लांबवायची. चार आठवडे, मग सहा, मग आठ, जमलं तर बारा. मध्येच पाणी दिसलं तर अंतर परत कमी करायचं. यात इंजेक्शनं थोडी जास्त होतात, पण फेऱ्या कमी होतात आणि प्रत्येक फेरीची तारीख आधी कळते. भट्टीवरच्या मुलाला आठ आठवडे आधी सांगता येतं की अमक्या दिवशी आईला न्यायचं आहे. ही शाकारणीच झाली.

वहीबद्दल थोडं. नाव, पाडा, कोणता डोळा, मागची तारीख, पुढची तारीख. भट्टीवर जाणाऱ्यांच्या घरातलं कोण कुठल्या भट्टीवर आहे आणि कोणाच्या मोबाइलवर निरोप पोचतो. स्कॅनचा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगा आणि त्याचा फोटो तुमच्या मोबाइलमध्येही ठेवा. जमेल तोवर रुग्णाला त्याच हॉस्पिटलात, त्याच यंत्रावर न्या. यंत्र पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची खूण धरून दर वेळी नेमकी तीच जागा कापून दाखवतं, म्हणून मागच्या चित्राशी बरोबर तुलना होते. यंत्र बदललं की जाडीचे आकडे जुळत नाहीत आणि नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. खर्चाचं काय ते हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात आधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या.

इंजेक्शनची भीती सगळ्यांना वाटते. थेंब घालून डोळा बधिर करतात, सुई अगदी बारीक असते, काम काही सेकंदांचं. दुसऱ्या दिवशी थोडं खुपतं, कधी पांढऱ्या भागावर लाल डाग दिसतो, तो जातो. पण पहिल्या आठवड्यात डोळा जास्त दुखायला लागला, लाल झाला, नजर एकदम उतरली, तर तो आत जंतू गेल्याचा इशारा असू शकतो. क्वचित होतं, पण झालं तर त्याच दिवशी पोचलं पाहिजे. पुढच्या फेरीची वाट बघायची नाही, झाडपाल्याचा रस घालायचा नाही, रात्र असली तरी फोन करायचा.

ज्यांच्या डोळ्यात वण पडून गेला आहे, त्यांना सुईच्या आशेवर फिरवू नका. त्यांना भिंग, उजेडाची जागा आणि अपंगत्वाचा दाखला यांचा उपयोग होतो. दुसरा डोळा चांगला असेल, तर मात्र त्याच्यावर पहारा हवा, कारण एका डोळ्याला झालेल्याला दुसऱ्यालाही होण्याचा धोका जास्त. आणि बिडी. वयाच्या खालोखाल आपल्या हातात असलेलं कारण तेच आहे. गोळ्यांबद्दल विचारतात. सुक्या प्रकाराच्या ठराविक टप्प्यावर काही जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी आजार हळू होतो, सगळ्यांना नाही, म्हणून दुकानातून आणून देऊ नका.

शेवटचं, घरी करायची तपासणी. ही चौकट बघा. आडव्या-उभ्या रेघा, मध्ये ठिपका. स्वित्झर्लंडच्या आम्सलर नावाच्या डॉक्टरची ही युक्ती, अक्षर येण्याची गरज नाही. जवळचा चष्मा असेल तर लावायचा, एक डोळा तळहाताने झाकायचा, ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या, मधला तुकडा गायब झाला, की त्याच दिवशी वहीवाल्या ताईंना निरोप. मग दुसरा डोळा. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी करायची सवय लावा, म्हणजे विसरत नाही. कागद फाटला तर दाराची चौकट आहेच. मात्र चौकट सरळ दिसली म्हणून स्कॅनची तारीख चुकवायची नाही, कारण थोडं पाणी या कागदाला कळत नाही.

प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. प्लॅस्टिकमध्ये घातलेल्या आहेत, पावसात टिकतील. प्रत्येकी दहा न्या. आणि ज्यांच्या पाड्यावर इंजेक्शन चालू असलेला रुग्ण आहे, त्यांनी जेवणाआधी पाच मिनिटं माझ्याजवळ थांबा, पुढच्या गाडीची यादी करायची आहे.